डोळ्यांखालची भानगड

तुम्हाला म्हणून सांगते, माझं नाव मात्र कुठे घेऊ नका. आपल्यातल्या कितीतरी जणी सध्या चेहऱ्याला एक क्रीम लावतात आणि डोळ्यांखाली दुसरं. एकाच चेहऱ्यावर दोन! आणि ते दुसरं मिळतं केवढं, तर करंगळीएवढ्या नळीत, १५ मिलिलिटर. चेहऱ्याच्या क्रीमची डबी ५० मिलिलिटरची, किंमत जवळपास तीच, आणि बऱ्याचदा त्या चिमुकलीचीच जास्त. लिटरचा भाव काढायला जाऊ नका. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी काढला, दुधाच्या हिशेबाच्या वहीतच. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, सकाळी उठून बघतात तर डोळ्यांखाली काळं. झालं, दुपारी त्यांनीही नळी मागवली.

बरं, आणलंय तर सरळ लावावं ना? नाही. त्याचंही सोवळंओवळं आहे. तर्जनी नको, मधलं बोट नको, अनामिकाच हवी. अहो, देवाला गंध लावायचं बोट ते! त्या बोटात जोर कमी असतो म्हणे, कातडी ओढली जात नाही. तर आता गंध राहिलं बाजूला, सकाळ-संध्याकाळ अनामिका डोळ्यांखाली टिपटिप करतेय. चोळायचं नाही, फक्त थोपटायचं. थेट पापणीवर नाही, हाडाच्या कडेकडेनं, कारण क्रीम झोपेत सरकत सरकत डोळ्यात उतरतं आणि मग सकाळी डोळे चुरचुरतात. दोन्ही डोळ्यांना मिळून वाटाण्याएवढं. हौसेनं जास्त थापलं तर तिथे बारीक पांढरे, टणक दाणे उठतात. पुळ्या समजून ते नखानं फोडू नयेत. कातडीखाली केराटिन साठून झालेल्या त्या गाठी असतात आणि डॉक्टरच सुईनं काढतात. म्हणजे पैसे नळीलाही आणि सुईलाही.

हे सगळं सुरू कुठून झालं सांगू? हळदीकुंकवातून. पूर्वी कुणी भेटलं की ‘किती बारीक झालीस गं!’ म्हणायची रीत होती. ऐकणारी खूश व्हायची, दोन लाडू जास्त खायची. आता जाड-बारीक कुणाला बोलायची सोय उरली नाही. म्हणून मग समोरची बाई मान तिरकी करते, आपल्या डोळ्यांकडे निरखून बघते आणि आवाजात साखर घोळून विचारते, ‘झोप होत नाही का गं हल्ली?’ संपलं! ती वाणाची डबी घेऊन पुढच्या घरी जाते आणि आपण आरशासमोर.

आता आरशात खरंच काय दिसतं ते ऐका, कारण इथे क्रीमवाल्यांचं सगळंच खोटं नाही आणि तीच तर पंचाईत आहे. पापणीची कातडी अख्ख्या अंगात सगळ्यात पातळ, साधारण अर्धा मिलिमीटर. गालाची तिच्या दोन-तीन पट. तळपायाचं तर विचारूच नका. डोळ्याभोवतीच्या या कातडीखाली चरबीचा थर जवळजवळ नाहीच, तेलाच्या ग्रंथी मोजक्या. त्यामुळे ती लवकर सुकते, लवकर चुरगळते आणि खालच्या रक्तवाहिन्यांचा निळा-जांभळा रंग वर दाखवते. त्यात आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटणार, उन्हात डोळे बारीक करणार, रडणार, हसणार आणि कांदेही चिरणार. एवढीशी जागा, पण कामाला सगळ्यांत आधी जुंपलेली.

आणि काळी वर्तुळं सगळी एका कुळातली नसतात हं. काहींची कातडीच तिथे जास्त गडद असते. आपल्या भारतीय वर्णात हा प्रकार बराच, आणि बहुतेकदा घराण्यात चालत आलेला. मग दोन्हीकडचे फोटो अल्बममधून निघतात. ‘आमच्याकडे कुणाला नाही हो असलं काही, हे त्यांच्याकडचं!’ काहींची कातडी गोरीगोमटी, पण खालच्या रक्तवाहिन्या डोकावतात. तिसऱ्या प्रकारात तर काळं काही नसतंच. वयानं डोळ्याखाली खळगा पडतो किंवा चरबी पुढे येऊन फुगवटा होतो आणि त्याची सावली पडते. आता मला सांगा, सावलीला क्रीम लावून काय होणार? तरी लावतात! ओळखायची युक्ती सोपी आहे. आरशासमोर उभं राहून खालची कातडी बोटानं हलकेच ताणा. काळं तसंच राहिलं तर रंग कातडीचा. ताणल्यावर जांभळट झालं तर रक्तवाहिन्यांचा. आणि दिव्याची जागा बदलल्यावर वर्तुळच गायब झालं तर समजा, दोष दिव्याचा आणि तुमच्या वाढदिवसांचा. कुणाकुणाच्या बाबतीत तर ॲलर्जीनं डोळे खाजतात, हात सारखा तिथे जातो आणि चोळून चोळूनच कातडी काळवंडते. अशांना क्रीमआधी ॲलर्जीचं औषध हवं, पण ते काही सोनेरी झाकणाच्या बाटलीत येत नाही ना.

नळीत असतं काय? एकीत कॅफीन. म्हणजे जो चहा ‘संध्याकाळी सहानंतर नको, झोप उडते’ म्हणून आपण बंद केला, त्याचंच सत्त्व आता रात्री झोपताना डोळ्यांखाली! रक्तवाहिन्या थोडा वेळ आक्रसतात, सूज थोडी ओसरते, दुपारपर्यंत सगळं पुन्हा पहिल्या जागी. दुसरीत हायल्युरॉनिक ॲसिड. ते पाणी धरून ठेवतं, बारीक रेषा काही तास भरल्यासारख्या दिसतात. तिसरीत रेटिनॉल, म्हणजे अ जीवनसत्त्वाचा भाऊबंद. याच्यात मात्र खरा दम आहे, सुरकुत्यांवर याचा उपयोग होतो. पण स्वारी तापट. रोज लावलं की कातडी लाल होते, सालं निघतात. म्हणून आठवड्यातून दोनदा, हळूहळू. आणि गरोदरपणात अजिबात नाही. डोहाळजेवणाला ओटीत कुणी कौतुकानं ही नळी घालायला निघालंच, तर हात धरा तिचा.

इथवर ठीक होतं हो. पण कोरियात काय चाललंय ते ऐकलंत? तिथे एएचसी नावाचा ब्रँड आहे. त्यांचं नाव झालं डोळ्यांच्या क्रीममुळे, आणि ते क्रीम त्यांनी विकलं ‘सगळ्या चेहऱ्याला लावा’ म्हणून. डोळ्यांचं क्रीम, गालाला! म्हणजे इतकी वर्षं जे सांगितलं की बाई, डोळ्याची कातडी वेगळी, तिला वेगळंच लागतं, ते सगळं एका फटक्यात गुंडाळलं. आणि लोकांनी काय केलं? रांगा लावल्या. मग २०१७ मध्ये युनिलिव्हरनं ही कंपनी विकत घेतली, किती तर २.२७ अब्ज युरोला. अब्ज! तोच युनिलिव्हर, ज्याच्या इथल्या कंपनीचा लाल लाइफबॉय आपण मोरीत ठेवायचो आणि जो डोळ्यात गेला की घर डोक्यावर घ्यायचो. पुढे २०२५ मध्ये त्याच इथल्या कंपनीनं, हिंदुस्तान युनिलिव्हरनं, आपल्या जयपूरचं मिनिमलिस्ट घेतलं. म्हणजे आधी साबणानं डोळे चुरचुरवायचे आणि मग चुरचुरलेल्या डोळ्यांना सीरम विकायचं. याला म्हणतात धंदा.

थांबा, अजून खरं पुढेच आहे. आत कुणी लहान मूल ऐकत नाही ना? अमेरिकेतल्या सौंदर्यस्पर्धांमधल्या मुली रंगमंचावर जाण्याआधी डोळ्यांखालच्या सुजेवर मूळव्याधीचं मलम लावतात अशी ख्याती आहे. मूळव्याधीचं! ‘मिस कन्जिनिॲलिटी’ या २००० सालच्या सिनेमात तर हा नुस्खा दाखवलाच आहे. माझा आधी विश्वास बसला नाही. पण कारण ऐकलं तर शास्त्र अगदीच आंधळं नाही. तिथल्या काही मलमांत रक्तवाहिन्या आवळणारं औषध असतं. खाली आवळतं तर वर का नाही आवळणार, असा तो विचार. आता कल्पना करा, आपल्या मेडिकलवाल्याकडे भर दुपारी, शेजारचे जोशीकाका रांगेत असताना, ती नळी मागायची आणि वर खुलासाही करायचा की अहो, ती तिकडे नाही, इकडे लावायचीय. नकोच ते. हसण्यावारी नेऊ नका पण. अशा मलमांनी पापणीची आग होते, आणि काहींत स्टेरॉइड असतं.

स्टेरॉइडचं नाव निघालंच आहे तर जरा खुर्ची जवळ ओढा, ही गंमत नाही. आपल्याकडे गल्लोगल्ली ‘हे लाव, आठ दिवसांत उजळशील’ म्हणून मैत्रिणी मैत्रिणींना जी नळी सुचवतात, तिच्यात कितीदा हेच असतं. आठ दिवसांत खरंच उजळतं, खोटं नाही. पण महिनोन् महिने लावलं की कातडी आणखी पातळ होते, बारीक लाल शिरा उठतात, बंद केलं की चेहरा भडकतो. आणि डोळ्याजवळ सतत वापरलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूपर्यंत प्रकरण जाऊ शकतं. त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं ओरडत होते, तेव्हा कुठे २०१८ मध्ये सरकारनं अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. चिठ्ठीशिवाय मिळतात का अजून? मी काही बोलणार नाही. तुम्हीच जाऊन बघा.

असो. आता गोगलगाय. हो, तीच पावसाळ्यात तुळशीच्या कुंडीवर चढणारी. तिचा चिकट स्राव कोरियन कंपन्यांनी बाटलीत भरला आणि आज पुण्यामुंबईच्या पोरी तो कौतुकानं चोपडतात. दुकानात ‘स्नेल म्युसिन’ म्हटलं की कसं छान वाटतं! मराठीत सांगितलं असतं तर पोरगी किंचाळत न्हाणीघराबाहेर आली असती. आमच्या नात्यातली एक सून श्रावणात कांदा-लसूण सोडते, अंड्याचा केक घरात येऊ देत नाही, आणि रात्री डोळ्यांखाली गोगलगाय. सासूबाईंना पत्ता नाही. मी तरी कशाला सांगू?

आणि त्याच्यावर ताण करणारं प्रकरण म्हणजे मासा. कोरियातच निघालेली सुई आहे, रेजुरान तिचं प्रसिद्ध नाव. सॅमन माशाच्या जननपेशींमधला डीएनए शुद्ध करून, बारीक तुकडे करून चेहऱ्यात टोचतात. डोळ्यांखालच्या पातळ कातडीसाठी त्यातही निराळी, सौम्य सुई. जेनिफर ॲनिस्टननं २०२३ मध्ये आपण हा प्रकार करून पाहिल्याचं उघड सांगितलं आणि जगभर बोभाटा झाला. आमच्या कोकणात गाबोळी तळून खातात, त्यात कुणाला काही वाटत नाही. पण गाबोळी मादीची, आणि हे जे टोचतात ते बहुतेक नराकडचं! वहिनी, तोंड मिटा, माशी जाईल. उपासाला चालतं का, हा प्रश्न अजून कुठल्या गुरुजींपर्यंत गेलेला दिसत नाही. गेला तर त्या बैठकीला मला बोलवा.

सुयांवरून आठवलं. ते बोटॉक्स, ज्याच्या नावानं आपण नट्यांना नावं ठेवतो, त्याचा जन्मच डोळ्याच्या दवाखान्यातला. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट तिरळेपणावर उपाय शोधत होते. १९८९ मध्ये अमेरिकेनं परवानगी दिली ती तिरळेपणासाठी आणि पापण्या आपोआप फडफडतात त्या आजारासाठी. तिकडे कॅनडात, व्हँकुव्हरला, जीन कॅरुदर्स या नेत्रतज्ज्ञ बाई पापणीच्या आजाराच्या एका रुग्ण बाईंना हेच इंजेक्शन द्यायच्या. एकदा त्या रुग्ण बाई रुसल्या, ‘आज कपाळाला का नाही दिलंत?’ दिलं की चेहरा कसा शांत दिसतो म्हणे! जीनबाईंचे यजमान ॲलिस्टर त्वचेचे डॉक्टर. घरी बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी इंजेक्शन घ्यायला कोण, तर दवाखान्यातली रिसेप्शनिस्टच. १९९२ मध्ये दोघांनी मिळून शोधनिबंध छापला आणि पुढचं तुम्ही पडद्यावर बघताच आहात. डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्यांसाठी अमेरिकेची अधिकृत मंजुरी आली २०१३ मध्ये. आमच्याकडे नवरा-बायको घरी आले की वीजबिलावर बोलतात. उगीच नाही मागे पडलो आपण.

आता सगळ्यात मोठा दगाफटका सांगते, ऐकून तुमचाही जीव जळेल. आपण इकडे डोळ्यांखालचा फुगवटा जावा म्हणून फ्रीजरमध्ये चमचे ठेवतोय, काकडीच्या चकत्या करतोय, बटाटा किसतोय. आणि सोलमधल्या तरुण पोरी तोच फुगवटा मुद्दाम करून घेतात! अगदी पापणीखाली, हसल्यावर जी छोटी उशी येते, ती असली की चेहरा लाडिक आणि कोवळा दिसतो अशी तिकडची समजूत. नसेल तर पेन्सिलीनं खाली बारीक सावली काढायची, वर चमक लावायची. तेवढ्यानं भागलं नाही तर फिलर टोचून घ्यायचं. (ही उशी आणि म्हातारपणीची पिशवी वेगळी, असं त्या ठासून सांगतात. सांगू देत.) आणि करोनाच्या काळात टिकटॉकवर पोरींनी काय करावं, तर डोळ्यांखाली तपकिरी लिपस्टिकनं काळी वर्तुळं रंगवली! मुद्दाम! फॅशन म्हणून! आपल्याकडे टिकटॉक २०२० पासून बंद आहे, पण अशा बातमीला कुठे व्हिसा लागतो? माझ्या मावसबहिणीनं ते बघितलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणीच आलं. चाळीस वर्षं फॅशनमध्ये होती बिचारी, कुणी सांगितलं नाही.

त्याच टिकटॉकवर अमेरिकेतल्या एका बाईंनी डोळ्यांखालच्या पिशव्यांवर काहीतरी लावलं आणि बघता बघता पिशव्या गुल झाल्या. पीटर थॉमस रॉथ यांच्या कंपनीचं ते क्रीम दुकानादुकानांतून संपलं. त्यात सिलिकेट असतात. वाळलं की कातडीवर ताठ पापुद्रा धरतात आणि पिशवी दाबून बसवतात. रात्री चेहरा धुतला की पिशवी हजर. हसताना मात्र जपून.

पोरांचं तर बोलूच नका. सुरकुती म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही, त्या दहा-बारा वर्षांच्या मुली सुरकुत्यांची क्रीमं मागतात. स्वीडनमधल्या आपोटेक यार्टाट या औषधदुकानांच्या साखळीनं २०२४ मध्ये जाहीरच केलं, पंधरा वर्षांखालच्यांना असली तेज क्रीमं देणार नाही. आपल्याकडे कुणी असं करेल? आपल्याकडे आईच मुलीचं क्रीम पळवते.

आणि आजीचं काजळ? ते विचारा. एरंडेलाच्या किंवा तुपाच्या दिव्यावर धरलेलं, बाळाच्या डोळ्यात बोटानं फिरवलेलं. डोळे मोठे होतात म्हणायचे. आता बालरोगतज्ज्ञ बाळाच्या डोळ्यात काही घालू नका सांगतात आणि सुरम्याच्या काही प्रकारांत शिसं सापडतं म्हणून अमेरिकेत तो चालतच नाही. आजी असती तर म्हणाली असती, गोगलगाय चालते आणि मी चालत नाही? आयुर्वेदातलं नेत्रतर्पण मात्र अजून चालू आहे. डोळ्याभोवती उडदाच्या पिठाची पाळ बांधायची आणि आत कोमट औषधी तूप भरायचं. उपाय डोळ्यांचा आहे, वर्तुळांचा नव्हे, आणि वैद्याकडेच करायचा. पण हे बघितल्यापासून आमच्या काकू घरी उडीद भिजत घालायला निघाल्यात. कुणीतरी अडवा त्यांना. लिंबू तर कुणी लावूच नका, कातडी भाजते. काकडी लावा खुशाल. गुण काकडीचा कमी आणि गारव्याचा जास्त. थंड चमचाही तेच करतो, आणि चमचा कोशिंबिरीतून चोरावा लागत नाही.

ज्याची कुणी चर्चाच करत नाही असं एक आहे, सनस्क्रीन. गडद रंग उन्हानं आणखी गडद होतो, त्यामुळे बाकी सगळ्यांच्या आधी ते हवं, आणि जोडीला मोठ्या काचांचा गॉगल. पण सनस्क्रीनवर चर्चा रंगत नाही. त्यात ना मासा, ना मूळव्याध.

सध्याचं ताजं म्हणजे ते सोनेरी पट्टे. चंद्रकोरीच्या आकाराचे, जेलचे, गिळगिळीत. पाकिटातून काढून डोळ्यांखाली चिकटवायचे, वीस मिनिटं ठेवायचे. ओलावा मिळतो, गार वाटतं, बस. पूर्वी दार लावून लावायचे, आता विमानात, ट्रेनमध्ये, लिफ्टमध्ये, कुठेही. परवाच्या एका लग्नात तर कहर झाला. सकाळी साडेसातचा मुहूर्त, बायका पहाटे चारपासून उठलेल्या. नवरीच्या खोलीत डोकावले, तर वरमाय, करवल्या, आत्या, मामी अशा सगळ्या नऊवारीत ओळीनं बसलेल्या आणि प्रत्येकीच्या डोळ्यांखाली दोन दोन सोनेरी कोरी. फोटोग्राफरला दरवाजातच धरून ठेवलेला. एवढ्यात नवरदेवाचे वडील अंतरपाट मागायला आले, त्यांच्याही डोळ्यांखाली पट्टे! ‘हिनं लावले हो,’ म्हणत हात झटकायला लागले. मागोमाग गुरुजी. लग्नसराईचे दिवस, त्यांचं ते त्या आठवड्यातलं कितवं लग्न कोण जाणे, डोळे पार खोल गेलेले. मला वाटलं आता बोलणी बसणार. गुरुजींनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘मुहूर्ताला अजून पंचवीस मिनिटं आहेत. पाकिटात एखादी जोडी शिल्लक आहे का?’